शनिवारी सामना आहे

साल १९३४. जून महिना, दुपार कलली आहे आणि पाऊस नुकताच ओसरलाय. तुम्ही कोलकात्याच्या मैदानात, फोर्ट विल्यमच्या उतारावर, घोट्यापर्यंत चिखलात पाय रोवून उभे आहात. सभासदांच्या लाकडी गॅलरीत तुम्हाला कोण बसू देणार? तिकिटाचा तर प्रश्नच नाही. पुढे माणसांच्या पाच-सहा रांगा, त्यामुळे दिसतात ती फक्त डोकी आणि भिजलेल्या छत्र्या. शेजारी खिदिरपूरच्या गोदीतला एक हमाल उभा आहे. तो तुमची धडपड बघतो आणि हातातली पुठ्ठ्याची लांब नळी तुमच्या डोळ्याला लावतो. नळीत दोन आरसे तिरके बसवलेत. क्षणभर सगळं धूसर दिसतं, मग त्या चौकोनात हिरवं मैदान उमटतं. मोहमेडन स्पोर्टिंगचे काळे-पांढरे सदरे समोर येतात. त्यांच्यासमोर गोऱ्या पलटणीचा संघ आहे.

आता नजर पायांकडे न्या. या शहरातले देशी खेळाडू अनवाणी खेळतात. कोरड्या मैदानावर तेच पाय पलटणीच्या बुटांना चकवतात, चेंडू तळव्याला चिकटून राहतो. पाऊस पडला की मात्र उलटं होतं. अनवाणी पाय घसरतात, बुटांचे खिळे चिखलात घट्ट रुततात आणि वर्षानुवर्षं जून-जुलैत देशी संघांचे गुण गळत जातात. मोहमेडनच्या कारभाऱ्यांनी यावर सरळ उपाय केला. ओल्या मैदानावर आपल्या पोरांच्या पायांत बूट घातले. नळीतून तुम्हाला तेच दिसतंय. एक काळा-पांढरा सदरा चिखलातून धावत येतो, गोरा सोजिर अंगावर येतो, आणि पडतो तो सोजिर. उतारावर जी आरोळी उठते तिने तुमच्या डोळ्याची नळी हलते.

१९११ साली मोहन बागानने आयएफए शील्ड जिंकली, ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक असते. शील्ड म्हणजे बाद पद्धतीची स्पर्धा. तिथे चार-पाच सामने जीव तोडून खेळलात तर करंडक तुमचा. कलकत्ता फुटबॉल लीगचं तसं नाही. १८९८ पासून चालत आलेली ही आशियातली सर्वांत जुनी लीग. उन्हाळ्याच्या अखेरीपासून अख्खा पावसाळा खेळत राहायचं, दर सामन्याला गुण मोजायचे, एखाद्या कमजोर संघाशी बरोबरी झाली तरी महिन्याभराची मेहनत वाया. शिवाय पहिल्या विभागात देशी संघांना अनेक वर्षं शिरकावच नव्हता, आणि दार उघडलं तेव्हाही दोनच संघ आत घ्यायचे असा नियम होता. शील्ड जिंकलेल्या मोहन बागानलाही पहिल्या विभागात पोहोचायला आणखी चार वर्षं लागली. समोर खेळतोय तो मोहमेडनचा संघ तर आत्ताच दुसऱ्या विभागातून वर आलेला आहे. तो याच वर्षी लीग जिंकणार आहे. हा मान मिळवणारा पहिला भारतीय संघ! आणि १९३८ पर्यंत, सलग पाच वर्षं, ती दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. तुमच्या शेजारच्या हमालाला यातलं काहीच माहीत नाही. त्याला फक्त पुढचा सामना कोणत्या वारी आहे ते पाठ आहे.

दहा वर्षं पुढे या, १९४४ मध्ये. जागा तोर्सहाव्हन, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची छोटीशी राजधानी. इथल्या छपरांवर गवत उगवतं, आणि बंदरात ब्रिटिश सैन्य आहे, कारण महायुद्ध चालू आहे. दोनच वर्षांपूर्वी, १९४२ साली, या बेटांनी स्वतःची लीग सुरू केली आणि क्लाक्सविक गावच्या संघाने ती जिंकली. यंदा संघ आहेत, खेळाडू आहेत, बघायला माणसं आहेत, पण लीग नाही. कारण चेंडू नाहीत. युद्धात मालाची ने-आण थांबलेली, आहेत ते चेंडू फाटलेले. तुम्ही रिकाम्या मैदानाच्या कडेला वाऱ्यात उभे राहता. पुढच्या वर्षी चेंडू मिळतात आणि लीग पुन्हा सुरू होते. इथून १२ सप्टेंबर १९९० ला पोहोचलात तर स्वीडनमधल्या लान्सक्रूना गावी याच बेटांचा संघ ऑस्ट्रियाला १-० ने हरवताना दिसेल. गोलरक्षकाच्या डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी असेल आणि गोल करणारा टॉर्किल निल्सेन एरवी लाकूड विकणारा माणूस असेल. सामना परक्या देशात का? तर घरी गवताचं मैदानच नव्हतं. आणि २०२३ साली क्लाक्सविकचा तोच क्लब युरोपातल्या स्पर्धेच्या गटसाखळीपर्यंत मजल मारेल. पन्नास-पंचावन्न हजार लोकवस्तीच्या देशासाठी हे केवढं मोठं, ते मोजता येणार नाही. पण हे सगळं ज्यांच्यामुळे घडलं, त्यांनी १९४५ साली पुन्हा चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मला त्यांचं अधिक कौतुक आहे.

आता खरा मुक्काम.

डिसेंबर १९६७, शनिवार. रॉबेन बेट. पाण्यापलीकडे केपटाऊनचा टेबल पर्वत इतका स्पष्ट दिसतो की त्याचा राग यावा. तुम्ही कैदी आहात. अंगावर तुरुंगाचे कपडे. आफ्रिकी असाल तर अर्धी चड्डी, भारतीय किंवा मिश्रवंशीय असाल तर पूर्ण विजार, कारण वर्णभेदाच्या राजवटीत कैद्यांचं जेवण आणि कपडेसुद्धा वर्ण बघून ठरतात. आठवडाभर खाणीत दगड फोडून तुमच्या तळहातांना घट्टे पडलेत. रात्री कोठडीत चिंध्या आणि कागद दोऱ्याने आवळून बांधलेल्या गोळ्याने तुम्ही चोरून खेळलात, पहारेकऱ्याची चाहूल लागली की तो गोळा पांघरुणाखाली. गेली तीन वर्षं तुमच्यातलं कुणी ना कुणी अधिकाऱ्यांसमोर उभं राहून एकच मागणी करत आलंय : आम्हाला फुटबॉल खेळू द्या. मागणी केली म्हणून जेवण तोडलं गेलं. पुढच्या खेपेला दुसरा उभा राहिला. त्याचंही जेवण तोडलं. पण मागणी थांबली नाही. रेड क्रॉसची माणसं पाहणीला येऊ लागली, बाहेरच्या जगाचं लक्ष वळलं, आणि अखेर परवानगी मिळाली. शनिवारी अर्धा तास.

तर हा तो शनिवार. एका संघाचं नाव रेंजर्स, दुसऱ्याचं बक्स. मैदान म्हणजे खडबडीत, टणक जमीन, पडलात तर गुडघा फुटलाच. खेळ बघायला सांगाल तर फार चांगला नाही. वर्षानुवर्षं पोटभर न जेवलेली माणसं धावून धावून किती धावणार? दहा मिनिटांत धाप लागते. पण कडेला उभे असलेले तुम्ही सगळे ओरडताय. इथे मोठ्याने बोलायलाही बंदी असते, आणि आज मोकळ्या आवाजात कुणाच्या तरी नावाने ओरडता येतंय. कोपऱ्यातला पहारेकरीही चेंडूमागे मान वळवतो. हे तुमच्या लक्षात येतं आणि तुम्ही ते शेजाऱ्याला दाखवता.

आता लगेच जाऊ नका, दोन-तीन वर्षं इथेच काढा, कारण माझ्या मते फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत मोलाची लीग इथे उभी राहते आहे. तिचं नाव मकाना फुटबॉल असोसिएशन. मकाना हा एकोणिसाव्या शतकातला खोसा लढवय्या. इंग्रजांनी त्याला याच बेटावर डांबलं होतं आणि इथून निसटताना तो समुद्रात बुडाला. कैद्यांनी स्वतः दगड उचलून मैदान सपाट केलं. किनाऱ्याला वाहत आलेली मासेमारीची जाळी गोलपोस्टला लावली. क्लब झाले : रेंजर्स, बक्स, हॉटस्पर्स, डायनामोज, गनर्स, ब्लॅक ईगल्स, मनोंग आणि आणखी काही. खेळाडूंच्या कुवतीप्रमाणे अ, ब, क असे तीन विभाग पडले, म्हणजे अगदी साधा खेळणाराही कुठल्या तरी संघात आलाच. सुरुवातीला बरेचसे क्लब राजकीय पक्षांप्रमाणे होते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवाले एकीकडे, पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसवाले दुसरीकडे, आणि हे दोन पक्ष एकमेकांशी धड बोलतही नव्हते. मनोंगने ही चौकट मोडली. पक्ष कोणताही असो, खेळता येतं ना, मग ये. बाकीच्यांनाही हळूहळू तेच करावं लागलं.

तुरुंगाच्या ग्रंथालयात फिफाच्या नियमांचं पुस्तक सापडलं आणि ते या बेटाचं बायबल झालं. सामना कसा खेळवायचा एवढंच नव्हे, पंचांची परीक्षा कशी घ्यायची, तक्रार कशी नोंदवायची, शिस्तभंगाची सुनावणी कशी चालवायची, सगळं त्या पुस्तकाला धरून. आता जरा एक कागद हातात घेऊन बघा. तुरुंगात कागद मिळवणं सोपं नाही, म्हणून अक्षर बारीक, ओळी दाट. एका क्लबच्या चिटणीसाने असोसिएशनच्या चिटणीसाला लिहिलेलं पत्र आहे. वर तारीख, मग आदराचा मायना, मग विषय, मग गेल्या शनिवारच्या पंचाच्या निर्णयाबद्दलची हरकत, कलमाच्या आधारासह. ज्याला हे लिहिलंय तो पलीकडच्याच कोठडीत राहतो. सकाळी खाणीत दोघे शेजारी बसून दगड फोडतील. तरी पत्र लिहायचं, पोच घ्यायची, उत्तर यायची वाट बघायची. उत्तरही तसंच येतं, सही-तारखेसह.

कुणाला हा नसता खटाटोप वाटेल. मला तो या माणसांच्या थोरवीचा पुरावा वाटतो. ज्या सरकारने त्यांना आत टाकलं, ते सरकार कायदा हवा तसा वाकवत होतं. आणि आतली माणसं एका थ्रो-इनचा निकालसुद्धा नियम उघडून देत होती.

१९७० सालात तुम्ही इथे असाल तर अटलांटिक रेडर्सचं प्रकरण टाळता येणार नाही, कारण सगळं बेट त्याच विषयावर बोलतंय. बाद फेरीची एक स्पर्धा ठरली. नामांकित खेळाडूंनी मिळून रेडर्स नावाचा तगडा संघ बांधला. समोर ब्लू रॉक्स, वयस्क आणि सुमार खेळाडूंचा संघ. सगळ्यांना वाटलं, आता गोलांचा पाऊस पडणार. झालं भलतंच. ब्लू रॉक्सने सुरुवातीलाच एक गोल केला. रेडर्सचं म्हणणं, गोल नियमबाह्य होता. पंचाने तो दिला. रेडर्स शेवटपर्यंत धडका देत राहिले, पण गोल फेडता आला नाही. त्यांनी तक्रार केली, ती फेटाळली गेली. मग पुढचा सामना सुरू व्हायच्या वेळी रेडर्सचे खेळाडू चालत मैदानात आले आणि मध्यभागी आडवे झाले. तुम्ही कडेला उभे राहून बघताय. ज्यांनी वर्णभेदी सरकारविरुद्ध सत्याग्रह केले, ती माणसं आता आपल्याच असोसिएशनविरुद्ध सत्याग्रह करताहेत. त्यानंतर सुनावण्या, साक्षी, अपील, पत्रांवर पत्रं, महिनोन् महिने. मित्र मित्रांशी बोलेनासे झाले. पण निकाल लागेपर्यंत प्रकरण कागदावरच लढलं गेलं.

असोसिएशनचा अध्यक्ष म्हणून काम करणारा एक तरुण नीट बघून घ्या. डिकगांग मोसेनेके. पंधराव्या वर्षी इथे आला, दहा वर्षांची शिक्षा. याच बेटावर तो शिकला. पुढे तो वकील होईल, दक्षिण आफ्रिकेची अंतरिम राज्यघटना लिहिणाऱ्यांमध्ये असेल आणि घटनात्मक न्यायालयाचा उपसरन्यायाधीश होईल. रेंजर्सकडून खेळणारा आणि पुढे पंच झालेला जेकब झुमा देशाचा अध्यक्ष होईल. त्याच्या पुढच्या कारकिर्दीबद्दल वेगळं काय सांगायचं, पण इथे तो शिट्टी घेऊन नियमाने वागणारा पंच आहे.

आणि एक माणूस तुम्हाला कडेला दिसणार नाही. नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू आणि त्यांचे सहकारी वेगळ्या विभागात बंद आहेत. त्यांना खेळायची परवानगी नाही. खिडकीतून सामने दिसत होते, तेवढाही आनंद मिळू नये म्हणून मध्ये भिंत उभी केली गेली. शनिवारी तुम्ही ओरडाल तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून ओरडा. पलीकडे ऐकणारे आहेत.

या लीगची कागदपत्रं खोक्यांत भरून ठेवलेली होती. बेट सुटल्यावर ती वेस्टर्न केप विद्यापीठात पोहोचली आणि १९९० च्या दशकात एका अमेरिकी इतिहासकाराच्या, चक कोर यांच्या, हाती लागली. म्हणून हे आपल्याला कळलं. १८ जुलै २००७ रोजी, मंडेलांच्या ८९ व्या वाढदिवशी, फिफाने मकाना फुटबॉल असोसिएशनला सन्माननीय सदस्यत्व दिलं. पेले, सॅम्युएल एटो, जॉर्ज वेया असे खेळाडू त्या दिवशी बेटावर आले आणि ८९ चेंडू गोलात मारले गेले.

इथून निघताना वाटेत सिली बेटांवर थोडं थांबा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून पंचेचाळीस किलोमीटरवर. साल १९८५ असू द्या. रविवार सकाळ, हिवाळा, शेतांत डॅफोडिलची खुडणी चालू आहे, आणि सेंट मेरीज बेटावरच्या जुन्या किल्ल्याच्या तटबंदीत गॅरिसन मैदानावर जगातली सर्वांत छोटी लीग खेळली जातेय. संघ दोन. गॅरिसन गनर्स आणि वूलपॅक वॉन्डरर्स. एकेकाळी बेटाबेटांचे संघ होते, माणसं कमी होत गेली, दोन उरले. हेच दोघे हंगामभर एकमेकांशी खेळतात. हंगामाआधी दोन्ही कप्तान आळीपाळीने खेळाडू निवडून घेतात, त्यामुळे यंदाचा सोबती पुढच्या वर्षी समोर उभा असू शकतो. तुम्ही कडेला उभे राहिलात की पाच-दहा मिनिटांत कुणीतरी येऊन नाव-गाव विचारेल. सामना बरोबरीत सुटला तर लीगचा निकाल लांबतो आणि पुढच्या रविवारची उत्सुकता वाढते, बार्सिलोना असो की गॅरिसन मैदान. गुणतक्ता दोनच ओळींचा असला तरी तो नेमाने लिहिला जातो.

आणि आता आपलं कोल्हापूर. काळ आजचा, एप्रिलमधली दुपारची चारची वेळ, शाहू स्टेडियमची काँक्रीटची गॅलरी तव्यासारखी तापलेली. सामना पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध खंडोबा तालीम. "सरका की पाव्हणं जरा," असं म्हणत एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन तुमच्या शेजारी बसतात. नातवाला अजून ऑफसाइड कळत नाही, पण आपली तालीम कोणती ते पक्कं ठाऊक आहे. या शहरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. छत्रपती घराण्याने खेळाला आश्रय दिला, १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन लीग चालवते, आणि मोठ्या सामन्याला जी गर्दी लोटते ती देशातल्या कित्येक व्यावसायिक संघांना मिळत नाही. इथून निघालेला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आफ्रिकेतून आलेले खेळाडूही इथल्या तालमींकडून खेळून गेलेत. मारामाऱ्या झाल्या, दगड फेकले गेले, हेही खरं आहे आणि ते झाकू नये. ज्यांनी दगड उचलले त्यांनी स्वतःच्याच तालमीचं नुकसान केलं.

गोल होतो. आजोबा नातवाला डोक्यावर घेतात, खालच्या पायरीवर कुणीतरी हलगी बडवायला लागतो, आणि तुम्हाला दोन्ही संघांतलं कुणीही माहीत नसताना तुम्ही उभे राहून ओरडता.

युरोपातल्या बड्या लीगचा सामना तुम्ही रात्री टीव्हीवर बघितला नाही तरी तो खेळला जाणारच आहे. स्टेडियम भरलेलं असेल, जाहिराती विकलेल्या असतील. जिल्हा लीगचं तसं नाही. मुंबई फुटबॉल संघटनेच्या सामन्यांना कूपरेजवर किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर कितीदा खेळाडूंच्या घरच्यांपलीकडे फारसं कुणी नसतं. पुण्याच्या लीगचंही तेच. गोव्यात म्हापशाच्या धुळेर मैदानावर धेंपो किंवा साळगावकर खेळतात तेव्हा बसायला भरपूर जागा असते, आणि हे क्लब एकेकाळी देशाचे विजेते होते. तिथे रेघा मारणारा माणूस आहे, पंच आहे, टेबलावर वही उघडून नावं लिहिणारा चिटणीस आहे. बघणारा कमी पडतोय.

तेव्हा या हंगामात एक लीग आपली म्हणा. घराजवळची, ज्या लीगची बातमी पेपरात चार ओळींतही येत नाही अशी. एक संघ निवडा, त्याच्या खेळाडूंची नावं पाठ करा, मुलांना बरोबर न्या. तिकीट असेल तर काढा, फुकट असेल तर संपेपर्यंत बसा. आणि उठण्याआधी वहीवाल्याला विचारून घ्या, पुढचा सामना कधी आहे.